टर्बो बदला म्हणतायत, मला बूस्ट लीकचा (टर्बोने दाबलेली हवा वाटेत गळण्याचा) संशय आहे. कसं तपासू?

काळाधूर:
मंडळी, डिझेल गाडी, व्हीजीटी टर्बो (आतल्या पात्यांचा कोन बदलणारा). आयडलिंग एकदम गुळगुळीत. पण दोन हजार आरपीएमच्या पुढे पाय दाबला की ओढच नाही. चढावर दम लागतो, मागे काळा धूर आणि बॉनेटखालून 'सुस्स' असा आवाज. स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी पडल्याचा कोड. गॅरेजवाल्याने होजला हातही न लावता टर्बो गेला म्हणून सांगितलं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या पाइपाशी तेलकट काजळी दिसतेय. कॉम्प्रेसर घरी आहे. काय करू?

पानेवाला:
टर्बोला आत्ताच हात लावू नका. आयडलला बूस्ट जवळपास नसतोच, म्हणून फट असली तरी गाडी तेव्हा शहाण्यासारखी वागते. लोड आला की सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र त्या मापाने पडतं. तुमचा काळा धूर तो. शिवाय बूस्ट भरून काढायला टर्बो जास्त फिरत राहतो, म्हणून असंच दामटू नका.

तपासणी इंजिन बंद आणि थंड असताना. एअर फिल्टर आणि एअर-फ्लो सेन्सर बाजूला काढा. टर्बोच्या इनलेट होजमध्ये मापाची पीव्हीसी एंड कॅप बसवा, तिला टायरचा व्हॉल्व्ह लावलेला हवा. इनलेटला येणारा क्रँककेसचा ब्रीदर पाइप (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारा) वेगळा करून होजकडचं तोंड बुजवा. हे लोक हमखास विसरतात, मग हवा थेट क्रँककेसमध्ये जाते आणि ऑइल सील उचकटतात. ऑइल फिलरचं झाकणही सैल ठेवा. रेग्युलेटरवर ५ पीएसआयपासून सुरू करा, हळूहळू १५ पर्यंत. कॅपसमोर तोंड नेऊ नका, क्लॅम्प ढिला असेल तर ती गोळीसारखी सुटते.

आता साबणाचं पाणी मारा. होजची खालची बाजू, क्लिपाखालच्या ओ-रिंगा, मॅप सेन्सरची (बूस्टचा दाब मोजणाऱ्या) रिंग आणि इंटरकूलरची प्लॅस्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमला दुमडून बसवलेली असते ती कड, हे सगळं बघा. सायलेन्सरमधून किंवा फिलरमधून थोडी फुसफुस येणारच. एखादा व्हॉल्व्ह उघडा असतो, रिंगांतूनही थोडी हवा जाते. क्रँक पान्याने किंचित पुढे फिरवला की आवाज बदलेल.

सिलिकॉनप्रेमी:
एवढा खटाटोप कशाला? सगळे होज काढून सिलिकॉनचे टाका, विषय संपला.

पानेवाला:
नाही संपत. टर्बो गाडीच्या पाइपात ब्रीदरच्या तेलाचा पातळ थर असतोच, आणि साधं सिलिकॉन तेलाने पाझरतं. आतून फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असलेले होज असतील तर ठीक. आणि गळती इंटरकूलरला असेल तर? आधी जागा सापडू दे.

पेट्रोलटर्बो:
पेट्रोललाही हीच पद्धत का?

पानेवाला:
हो, फक्त थ्रॉटल उघडा ठेवा, नाहीतर मॅनिफोल्डपर्यंत दाबच पोचत नाही. आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या (पाय काढल्यावर जादा बूस्ट वळवणाऱ्या) डायफ्रॅमवर, म्हणजे आतल्या पडद्यावर, लक्ष ठेवा, तो फाटला की बूस्ट गुपचूप परत इनलेटला जातो. बाहेर साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस फसतो.

काळाधूर:
सापडलं! टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा होज खालून ब्रॅकेटला घासून चिरलाय. हाताने चाचपलं तर काहीच कळत नव्हतं, कारण चीर मिटलेली असते. १० पीएसआयच्या आसपास ती उघडली आणि फेस भसाभसा आला. टेप मारून चालेल का?

पानेवाला:
घरापर्यंत आणायला मारा हवं तर. पूर्ण लोडवर त्या होजमधली हवा १०० अंशांच्या वर जाते, वर आतून तेल. टेप टिकत नाही. नवीन होज टाका. बसवण्याआधी पाइपाचं तोंड ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा, क्लॅम्प पाइपाच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला बसवा, आणि ब्रॅकेट वाकवून मोकळी जागा करा, नाहीतर हाही घासेल.

मग कोड पुसून चढावर तिसऱ्या गिअरमध्ये लाइव्ह डेटा बघा, अपेक्षित आणि प्रत्यक्ष बूस्ट शेजारी शेजारी लावून. स्कॅनर बहुतेक वेळा वातावरणाचा दाब धरून आकडा दाखवतो, म्हणजे समुद्रसपाटीला इंजिन बंद असतानाही १००० मिलिबारच्या आसपास दिसेल. त्याला बूस्ट समजू नका. दोन आकडे तरीही लांबच राहिले, तर टर्बोची पाती हलवणाऱ्या व्हीजीटी ॲक्च्युएटरची बारीक व्हॅक्यूम नळी तपासा. टर्बोचा नंबर त्यानंतर.