काजू युनिटमध्ये बायकांसाठी काहीतरी मजेचं करायचंय, पण जमत नाहीये

कुडाळची_काजूवाली
नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचं छोटं काजू युनिट आहे, 22 बायका आहेत कटिंग, सोलणं, ग्रेडिंगला. मी आधी पुण्यात आयटीत होते, तिथे शुक्रवारी गेम्स, अंताक्षरी असायची आणि मला मनापासून आवडायचं, म्हणून इथे पण शुक्रवारी पाचनंतर अर्धा तास संगीत खुर्ची, तंबोला सुरू केलं. पहिल्या दिवशी सगळ्या थांबल्या पण निम्म्यांचं लक्ष दाराकडे, तिसऱ्या शुक्रवारी चारच उरल्या. शेवटी एक मावशी बोलल्या, "ताई, तुमची मजा होता पण आमची एस्टी चुकता." फार वाईट वाटलं हो. दिवसभर मान खाली घालून बसतात, त्यांचा दिवस जरा बरा जावा एवढंच हवंय. काय करू?

देवगडचा_कॅनिंगवाला
पाचनंतर ठेवूच नका. घरी चूल, पोरं, गुरं वाट बघत असतात. कामाच्या वेळेत ठेवा आणि त्या वेळेचे पैसे द्या. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये आंब्याचा पल्प काढताना श्वास घ्यायला वेळ नसतो, तेव्हा काहीच करत नाही, फक्त चार वाजता थंडगार कोकम सरबत आणि दहा मिनिटं पंख्याखाली. त्या दहा मिनिटांत जेवढं हसणं होतं तेवढं माझ्या कुठल्या कार्यक्रमात झालं नाही.

वेंगुर्ल्याची_सून
माझी आई 19 वर्षं काजू सोलायला जायची म्हणून लिहितेय. सोलायचे पैसे किलोवर असतात ना? मग अर्धा तास खेळ म्हणजे तेवढे काजू कमी, तेवढी मजुरी कमी, हे आधी बघा. आणि मजा तिथे असतेच ओ, आपल्याला दिसत नाही. कटिंगवाल्या सालीचं तेल लागू नये म्हणून हाताला राख चोळतात, ती चोळता चोळता रात्रीच्या भजनाची, कोणाच्या सुनेची गोष्ट चालू होते, सोलणारीतली एक ओवी धरते, बाकीच्या मागे. आईच्या युनिटमध्ये सुपरवायझरने "आवाज नको" म्हणून ते बंद केलं आणि दोन महिन्यांत तीन बायकांनी काम सोडलं. तुमच्याकडे बोलायला मोकळीक आहे का ते बघा आधी. खेळ काय ठेवायचा ते त्यांनाच ठरवू दे.

रत्नागिरीकर_एचआर
वरच्या दोघांशी सहमत. एक भर घालतो. हार्वर्डच्या प्राध्यापक तेरेसा अमाबिले आणि संशोधक स्टीव्हन क्रेमर यांनी 7 कंपन्यांतल्या 238 लोकांच्या रोजच्या जवळपास 12,000 नोंदी तपासल्या, तर माणसाचा दिवस सगळ्यात चांगला जायचा तो आपलं काम थोडं तरी पुढे सरकलं असं दिसलं की. ते लोक ऑफिसातले होते, पण मला हे कारखान्यातही दिसतं. तुमच्या बायकांना माहितीय का आपला माल कुठे जातो? डब्ल्यू 240 म्हणजे पाउंडाला साधारण 240 गर, अख्खा गर न फुटता निघाला तर भाव किती वाढतो, हे त्यांना सांगा, पॅक झालेला डबा हातात द्या. आणि वाढलेल्या भावातलं थोडं त्यांनाही मिळू दे, नाहीतर नुसतं कौतुक पोकळ वाटतं.

कुडाळची_काजूवाली
किलोचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू ताई. या शुक्रवारी साडेतीनला काम थांबवलं, त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे धरले आणि फक्त विचारलं काय करूया. गणपती पंधरा दिवसांवर, सगळ्या एकदम म्हणाल्या फुगडी. ग्रेडिंगची टेबलं भिंतीला लावली आणि दाराकडे बघणाऱ्या त्याच मावशींनी माझे दोन्ही हात धरून असं गरगरवलं की मला खाली बसावं लागलं. पाचची एस्टी सगळ्यांना मिळाली. आता पुढच्या शुक्रवारी घावणे कोण आणणार यावरून दोघींची जुंपलीय.