नाताळची रोषणाई फोटोत भगभगीत का येते?

अर्धाचंद्र:
मोठ्या शहरातली नाताळची रोषणाई टिपायची आहे: मुख्य चौकातलं झाड, रस्त्यावरून ताणलेल्या माळा, सजवलेली दुकानं. पण दिवे पांढरेफटक येतात आणि आकाश काळंकुट्ट. काही फोटोंत आडवे पट्टे उमटतात. दुकानाच्या काचेत तर सजावटीपेक्षा मागचा रस्ताच जास्त दिसतो. हाताशी मोबाइल आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्सचा कॅमेरा आहे. एवढ्या गर्दीत ट्रायपॉड न्यावा का?

रात्रपाळी:
आधी वेळ बदला, सेटिंग नंतर. पूर्ण अंधारात दिवा आणि आकाश यांच्यातली तफावत इतकी वाढते की दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ८ अंशांवर असतो, तेव्हा आकाश गडद निळं असतं आणि त्याचा उजेड माळांच्या उजेडाला तोलून धरतो. विषुववृत्ताजवळ ही वेळ पंधरा-वीस मिनिटांत संपते. उत्तरेकडच्या शहरांत डिसेंबरात सूर्य तिरका मावळतो, तिथे अर्ध्या तासाच्या आसपास मिळतो. म्हणून सूर्य मावळायच्या आतच पोचा, जागा धरा, चौकट ठरवून ठेवा.

एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) दिव्यांवरून ठरवा, कॅमेऱ्याच्या +/- पट्टीवर -१ ते -१.७ इतकं खाली आणा. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा बघा, कारण निळ्या किंवा लाल एलईडीत एकच रंग आधी फुटतो आणि एकत्रित आलेख मात्र ठीकच दिसतो. मग दिव्याच्या जागी नुसता सपाट डाग उरतो, तो नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. तो माळांचा सोनेरीपणा धुऊन काढतो. ३२०० ते ३५०० केल्व्हिनवर ठेवला की दिवे उबदार राहतात आणि आकाश आणखी निळं होतं.

मोबाइलवर उजळ दिव्यावर बोट दाबून ठेवा, फोकस लॉक झाला की उजेड खाली ओढा. त्याआधी लेन्स मऊ कापडाने पुसा. दिव्यांतून निघणाऱ्या लांब तिरप्या रेघा बहुतेक वेळा बोटांच्या तेलकटपणामुळे येतात.

पातीपडदा:
पट्ट्यांचं कारण: वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, साध्या एलईडी माळा तर ५० वेळाच. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी दिवा मंद असताना वाचल्या जातात. शटर १/५० सेकंदावर ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला पूर्ण आवर्तन मिळतं. ६० हर्ट्झच्या देशात १/६०. कॅमेऱ्यात सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर चालू असेल तर बंद करा, पट्टे त्यातच सर्वांत जास्त येतात. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर हेच आकडे तिथेही चालतात.

दिव्यांना किरण हवे असतील तर लेन्सचं छिद्र लहान करा, एफ/११ ते एफ/१६. डायाफ्रामला (ते छिद्र लहानमोठं करणाऱ्या पडद्याला) ७ पाती असतील तर १४ किरण येतात, ८ असतील तर ८च.

काचेपलीकडे:
दुकानाच्या काचेला रबरी हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं) टेकवा, प्रतिबिंबाला वाटच उरत नाही. हूड नसेल तर काळं जाकीट लेन्सभोवती धरा. पोलरायझरवर (प्रतिबिंब कमी करणाऱ्या फिल्टरवर) पैसे घालण्याआधी एवढं लक्षात घ्या: काचेसमोर सरळ उभं राहिलं तर त्याचा काही उपयोग नाही. काचेच्या लंबरेषेपासून साधारण ५५ अंश तिरकं उभं राहिलं तरच तो पुरता काम करतो, आणि उजेडही एक ते दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

ट्रायपॉड ऐन गर्दीत नकोच. पायांत अडकून कुणीतरी पडेल, आणि खासगी चौकांत तो बऱ्याचदा चालतही नाही. कठड्यावर कॅमेरा टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा. एफ/११, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० ला ४-५ सेकंद मिळाले की चालणारी माणसं विरघळतात आणि झाड स्थिर राहतं. रिकामा चौक हवा असेल तर पहाटेची निळी वेळ गाठा, मात्र दिवे तेव्हा चालू असतात का ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी ते मध्यरात्रीनंतर बंद होतात.

अर्धाचंद्र:
काचेचं तंत्र नवीनच कळलं, आभार. झाडासमोर माणूस उभा करायचा असेल तर?

रात्रपाळी:
झाडाला चिकटून उभं करू नका. माणूस तुमच्यापासून दीड मीटरवर, झाड त्याच्या मागे आठ-दहा मीटर, एफ/१.८. मागचे दिवे मोठे गोल होतात. फ्लॅश नको, चेहरा सजवलेल्या दुकानाच्या उजेडाकडे वळवा. शटर १/१०० च्या खाली गेलं तर चेहरा हलतो, म्हणून आयएसओ खुशाल १६०० पर्यंत जाऊ द्या. मोबाइलचा नाइट मोड इथे बंदच ठेवा. तो अनेक फ्रेम जोडतो, माणूस जरा हलला तरी कडा दुहेरी येतात.

काचेपलीकडे:
कडाक्याची थंडी असेल तर जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि उबदार खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा. मग दव पिशवीवर साचतं, लेन्सवर नाही. तासभर तरी उघडू नका.