सोसायटीचं दफ्तर स्कॅन झाल्यावर मूळ कागद ठेवायचे की रद्दीत घालायचे?

तळमजला_कुर्ला
आमची सोसायटी १९७९ची, ऑफिस तळमजल्यावर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, त्या रात्री आमच्या ऑफिसात कमरेएवढं पाणी होतं. खालच्या दोन खणांतली व्हाउचरं, पावतीपुस्तकं आणि पहिल्या दहा वर्षांच्या सभांची इतिवृत्तं यांचा लगदा झाला. शाईच्या पेनानं लिहिलेली पानं पुसून कोरी झाली होती. गच्चीत दोऱ्या बांधून ती वाळत घालताना आमचे तेव्हाचे अध्यक्ष रडले होते. गेल्या महिन्यात मी कमिटीत प्रस्ताव ठेवला: सगळं स्कॅन करायचं, शोधता येईल असं लावायचं, दोन ठिकाणी साठवायचं, मग तिन्ही कपाटं रिकामी करून कागद रद्दीत. अर्धी कमिटी विरोधात आहे. तुम्हाला काय वाटतं?

वकील_बी_विंग
स्कॅनला हो. रद्दीला ठाम नाही. सभासदांची आय नमुना नोंदवही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०च्या कलम ३८ नुसार सभासदत्वाचा प्रथमदर्शनी पुरावा असते. उद्या फ्लॅटच्या वारसाहक्काचं भांडण लागलं तर न्यायालय आधी मूळ वही मागणार. स्कॅन दाखवायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदलली तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा) द्यावं लागतं. मूळ पुरात गेलं तर दुय्यम पुरावा, म्हणजे मूळऐवजी त्याची प्रत, देता येतो. पण तुम्हीच ते किलोच्या भावानं विकलं असेल, तर समोरचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारेल.

जुना_खजिनदार
माझा तर स्कॅनिंगलाच विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलाय. आमच्या कमिटीनं २०१७ मध्ये मोबाईलच्या अॅपनं हजारो पानं काढली. जून २०२० मध्ये सरकारनं त्याच अॅपवर बंदी घातली. त्यातल्या पीडीएफ तेव्हाच्या सेक्रेटरीच्या खासगी खात्यावर होत्या, तो फ्लॅट विकून गेला, खात्याचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. ज्या थोड्या फाइली उरल्या त्यांची नावं ‘स्कॅन ४७’, ‘स्कॅन ४८’. लिफ्टच्या कराराचा कागद मला शेवटी कपाटातल्या पिवळ्या फाइलीतच सापडला, पाठीवर माझ्याच हातानं ‘लिफ्ट’ लिहिलं होतं म्हणून.

तळमजला_कुर्ला
हा दोष स्कॅनचा कसा? फाइलीच्या पाठीवर ‘लिफ्ट’ लिहिलं नसतं तर कागदही सापडला नसता.

रेकॉर्डरूम_१८वर्षं
हेच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर. लोक मशीनचा वेग विचारतात, पण खरा वेळ आधी जातो: टाचण्या आणि पिना काढणं, दुमडलेले कोपरे सरळ करणं, चिकटलेली पानं सोडवणं. कार्बनच्या पातळ प्रती फीडरमधून (पानं आपोआप ओढून घेणाऱ्या भागातून) घालू नका, फाटतात. त्यांना काचेवर ठेवूनच स्कॅन करा. ३०० डीपीआय (दर इंचातले ठिपके, म्हणजे स्कॅनची स्पष्टता) पुरतं. पानाची पाठ कोरी दिसली तरी तपासा, जुन्या इतिवृत्तांत दुरुस्त्या आणि सह्या मागेच असतात. जतन करायला पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ साठवणीसाठीचा पीडीएफचा प्रकार.

‘शोधता येईल’ हे मात्र जपून बोला. छापील मराठी ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला) बऱ्यापैकी वाचता येतं, हातानं लिहिलेलं १९८२चं इतिवृत्त येत नाही. तिथे कुणीतरी बसून तारीख, विषय, फ्लॅट नंबर हातानंच भरायचा. हा खर्च अंदाजपत्रकात धरला नाही तर खजिनदारसाहेब म्हणतात तेच होईल. आणि दर गठ्ठ्यामागे कागदाची पानं आणि फाइलमधली पानं मोजून जुळवा, त्याशिवाय गठ्ठा परत बांधू नका.

कागदावरच विसंबणाऱ्यांनी २१ जून २०१२ची मंत्रालयाची आग आठवावी. किती विभागांच्या फायली गेल्या! कागद एका वेळी एकाच जागी असतो.

ए_४०३
आईच्या नावाचा शेअर माझ्या नावावर करायला दोन वर्षं घालवली. दर वेळी एकच उत्तर, फाइल सापडत नाही. शेवटी नॉमिनेशनचा फॉर्म दुसऱ्याच विंगच्या गठ्ठ्यात निघाला. मला स्कॅन हवा, उद्याच हवा. पण त्याच फाइलीत माझ्या आधारची झेरॉक्स आहे, बँकेचं पासबुक आहे. ते प्रत्येक कमिटी सदस्याच्या मोबाईलवर फिरणार असेल तर चालणार नाही. कोण उघडतं, कधी उघडतं, याची नोंद राहिली पाहिजे.

जुना_खजिनदार
ताई, तुमचा फॉर्म चुकीच्या गठ्ठ्यात होता. स्कॅनमध्येही तो चुकीच्या फोल्डरमध्येच गेला असता.

ए_४०३
गेला असता. पण माझ्या फ्लॅटचा नंबर टाकून मी शोधला असता. कपाटाची किल्ली दोन वर्षांत मला कुणी दिली नाही.

वकील_बी_विंग
ताईंचा मुद्दा मान्य. सभासदाला स्वतःच्या व्यवहारांचे कागद पाहायचा हक्क आहेच.

तळमजला_कुर्ला
रद्दीचा प्रस्ताव मागे घेतो. आय नमुना, इतिवृत्तं, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर केल्याचा दस्त), शेअर आणि नॉमिनेशनचे कागद राहतील, पण पहिल्या मजल्यावर, तळाच्या खणात काहीही नाही. लेखापरीक्षण होऊन गेलेल्या जुन्या व्हाउचरांवर मात्र मी ठाम आहे: मुदत संपल्यावर, सर्वसाधारण सभेचा ठराव घेऊन, ती जायलाच हवीत.

जुना_खजिनदार
सभेत मी विरोधात मत देणार. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा वाद सोळा वर्षांपूर्वीच्या एका व्हाउचरवरच मिटला होता.