प्रतिसाद: शरीर थकल्यावरचा अभिनय?
नर्तक शरीर थकल्यावरच चरित्र भूमिकांकडे वळतात, असं म्हटलं जातं. ते पुष्कळांना लागू होईल, पण बर्लिनच्या नर्तकी-अभिनेत्री व्हालेस्का गेर्टला अजिबात नाही. १८९२ चा जन्म. दिग्दर्शक पाब्स्टच्या १९२५ च्या 'डी फ्रॉयडलोझे गासं' या चित्रपटात ती दिसते तेव्हा जेमतेम तेहतिशीची होती आणि नर्तकी म्हणून ऐन भरात होती. बॅलेच्या गोडगोड सौंदर्याची ती रंगमंचावर उघड टर उडवायची. तिच्या नाचांचे विषय म्हणजे वेश्या, मुष्टियोद्धा, प्रत्यक्ष मरण! म्हणजे चरित्र भूमिका ती आधीपासूनच करत होती, फक्त संवादांशिवाय. सिनेमाची रिळं बदलताना ती पडद्यासमोर येऊन नुसती निश्चल उभी राहायची, त्या प्रयोगाचं नावच 'विराम'. क्लोजअपसाठी याहून चांगली तालीम कोणती?

तिचा 'टागेबुख आइनर फर्लोरेनन' (१९२९) हा चित्रपट जरूर पाहा. त्यात सुधारगृहातल्या मुलींनी सूपसुद्धा गेर्टच्या पात्राच्या ठोक्यावर प्यायचं. ताल धरताना तिच्या चेहऱ्यावर चढत जाणारी धुंदी बघून अंगावर काटा येतो. असा प्रसंग ताल अंगात मुरलेली बाईच करू जाणे. पुढे ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत देश सोडावा लागला, न्यूयॉर्कमध्ये तिने 'बेगर बार' नावाचा कॅबरे चालवला. सिनेमाने मात्र तिला फार उशिरा पुन्हा बोलावलं, १९६५ मध्ये इटालियन दिग्दर्शक फेलिनीने. मधली इतकी वर्षं वाया गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं.