भोपळ्याचा अर्क चेहऱ्यासाठी: सीरम घ्यावं, तेल घ्यावं की काहीच नको?

अर्धीओली
नमस्कार मंडळी. हल्ली लाल भोपळ्याच्या अर्काच्या जाहिराती सारख्या समोर येतायत. एक सीरमला म्हणते 'नैसर्गिक रेटिनॉल' (रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार), दुसरी 'एंझाइम पील', तिसरी नुसतंच बियांचं तेल विकतेय. माझे गाल कोरडे, कपाळ-नाक तेलकट. हनुवटीवर अधूनमधून मुरमं येतात आणि जाताना डाग ठेवून जातात. डॉक्टरांनी दिलेलं ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्याच कुळातलं औषधी मलम) रात्री लावते. यातलं काय घेऊ? की गर घरीच वाटून लावू? नुसत्या लिंका नकोत, कारणासकट सांगा.

रिकामटेकडा
घरचा गर लावून पाहिलाय. धुतल्यावर चेहरा मऊ लागतो आणि थोड्या वेळात जैसे थे. भोपळ्यात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे याहून जास्त अपेक्षाही नव्हती.

बाटलीची_मागची_बाजू
या तीन जाहिराती तीन वेगळ्याच वस्तूंच्या आहेत. म्हणून आधी घटकांची यादी वाचा.

'कुकुर्बिटा पेपो सीड ऑइल' लिहिलं असेल तर ते बियांचं तेल. त्यात मुख्यतः लिनोलेइक आणि ओलेइक आम्ल, शिवाय थोडं स्क्वालीन आणि फायटोस्टेरॉल (हे स्निग्ध घटक) आणि ई जीवनसत्त्वाचा गॅमा टोकोफेरॉल हा प्रकार. मुरमं येणाऱ्यांच्या त्वचेवरच्या तेलात लिनोलेइक आम्ल कमी आढळतं, हे निरीक्षण जुनं आहे. त्यावरून 'हे तेल लावा, मुरमं जातील' इथवर जाहिरातवाले थेट उडी मारतात. तेवढा पुरावा नाही. पण कोरड्या गालांचा ओलावा टिकवायला तेल चांगलं आहे. चेहरा ओलसर असताना दोन-तीन थेंब पुरतात.

सीरमवर असतं ते 'फ्रूट एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे बहुधा पाण्यात किंवा ग्लिसरिनमध्ये उतरवलेला गराचा अर्क. इथे खरी गंमत आहे. ज्या बीटा कॅरोटीनच्या जोरावर 'नैसर्गिक रेटिनॉल' म्हणून मिरवतात, ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणजे जाहिरात ज्याची, तेच अशा अर्कात फारसं उतरत नाही. शिवाय बीटा कॅरोटीन म्हणजे रेटिनॉल नव्हे. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं, हे खरं. पण तुम्ही थेट ट्रेटिनॉइन लावताय, त्यापुढे हा अर्क म्हणजे सूर्यापुढे काजवा. यादीत तो अगदी शेवटी असेल तर पैसे ग्लिसरिनचेच समजा.

अर्धीओली
आणि पील?

बाटलीची_मागची_बाजू
आंबवलेला गर किंवा त्यातली एंझाइमं वरची मृत त्वचा सैल करतात, असा दावा असतो. पण बऱ्याच पीलमध्ये जोडीला ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक आम्ल असतं आणि चमक बहुतेक त्याचीच. ट्रेटिनॉइन चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय पीलच्या वाटेला जाऊ नका. चेहरा सोलवटून निघेल.

शंकासुर
दालचिनीचा वास असलेले भोपळ्याचे मास्क तर नाजूक त्वचेला नकोच. दालचिनीतल्या सिनॅमाल्डिहाइडची अनेकांना ॲलर्जी असते. आणि हनुवटीवर बारीक, एकसारखी, खाजणारी पुरळ असेल तर ती मुरमं नसून बुरशीची असू शकते. मग तेलाने ती बळावू शकते. आधी डॉक्टरांना दाखवून घ्या.

टक्कलपुराण
थोडं अवांतर. बियांच्या तेलाची एक नीट चाचणी केसांवर झालीय. २०१४ साली कोरियातल्या ७६ पुरुषांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. २४ आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम पोटात घेणाऱ्यांच्या केसांची संख्या सरासरी ४० टक्के वाढली, नुसती दिखाऊ (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांची १० टक्के. पण तेलाच्या गोळीत इतरही वनस्पतिजन्य घटक होते, त्यामुळे श्रेय कोणाचं हा प्रश्न उरतोच.

रिकामटेकडा
आणि कडू लागणारा भोपळा कोणी खाऊ नका बरं. त्यातल्या कुकुर्बिटासिन या कडू द्रव्याने विषबाधा होते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या दोन बायकांची नोंद छापून आली होती, कडू भोपळावर्गीय फळं खाल्ल्यावर उलट्या झाल्या आणि काही दिवसांनी केस गळाले. गोड भोपळा रोज भरपूर खाल्ला तर तळवे पिवळट दिसतात एवढंच. कमी केला की जातं.

अर्धीओली
टक्कलपुराण, हे नवऱ्याला वाचायला देते :)
म्हणजे सीरम आणि पील बाद, तेल फक्त गालांवर. डागांचं काय?

बाटलीची_मागची_बाजू
डागांना ट्रेटिनॉइन आणि रोज सनस्क्रीन. तेल सनस्क्रीनची जागा घेत नाही. तेल कोल्ड प्रेस्ड (उष्णता न देता काढलेलं), गडद बाटलीतलं, वरून सुगंध न घातलेलं घ्या; त्याचा स्वतःचा वास असला तर चालेल. कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा, मगच चेहऱ्याला.

अर्धीओली
एका मैत्रिणीकडचं बघितलं, गडद हिरवं होतं आणि बाटलीत लालसर दिसत होतं. बिघडलंय का?

बाटलीची_मागची_बाजू
नाही, ते तसंच असतं. पातळ थर हिरवा, जाड थर लाल. खवट वास आला तर टाकून द्या. आणि उशीला जुना अभ्रा घाला, तेलाचे डाग लवकर निघत नाहीत.