पुण्यातल्या पर्वती टेकडीवरून सूर्यास्त टिपताना हिरवे ठिपके

प्रश्न: मावळता सूर्य फ्रेममध्ये घेतला की तिरक्या रेषेत हिरवे-जांभळे ठिपके उमटतात, सावल्याही धुरकट दिसतात. १८-५५ मिमी लेन्स, एफ/१६ (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान), वर यूव्ही फिल्टर (लेन्सपुढची जादा काच). हूड (लेन्सपुढे लावायचं सावलीचं कडं) घेऊ का?

प्रतिसाद १: आधी फिल्टर काढा. कोटिंग (परावर्तन कमी करणारा लेप) नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो. स्वस्त फिल्टर म्हणजे असे दोन पृष्ठभाग फुकटचे वाढले. रात्री लकडी पुलावरच्या फोटोत दिव्यांची उलटी भुतं (अंधूक प्रतिबिंबं) दिसतात, ती बहुधा फिल्टरचीच.

प्रतिसाद २: सूर्य फ्रेममध्येच असेल तर हुडाचा काडीचा उपयोग नाही, ते फक्त बाजूचा प्रकाश अडवतं. सूर्य चौकटीबाहेर असेल तेव्हा लेन्सवर सावली पडेल असा तळहात धरला तरी भागतं. बोटं फोटोत येत नाहीत ना, तेवढं बघा. एफ/१६ वर ठिपक्यांच्या कडा धारदार होतात. एफ/८ वर या, म्हणजे छिद्र मोठं करा.

प्रतिसाद ३: धुरकटपणासाठी पुढची काच तिरकी धरून बघा, बोटाचा तेलकट ठसा असेल. आधी ब्लोअर (हवा मारायचा फुगा), मग मायक्रोफायबरचं कापड. शर्टाचं टोक नको! सूर्य कळसाआड अर्धा लपवा, ठिपके बरेच उतरतात. आणि डीएसएलआर (आतल्या आरशाचा कॅमेरा) असेल तर व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) सूर्याकडे बघू नका, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) वापरा.