चित्रपटाबाहेरची गाणी : नव्वदच्या दशकातलं तुमचं एक नंबरचं गाणं कोणतं?

धागा सुरू करणारी, पुणे

नियम एकच. गाणं १९९१ ते २००० या काळातलं हवं आणि सिनेमातलं नको. ते कुठे ऐकलंत, तेव्हा काय वाटलं, आणि आज कानावर पडलं तर काय मत आहे, ते मोकळेपणाने लिहा. आवडलेलंच लिहायला हवं असं नाही. राग आलेलं गाणंही चालेल.

हा धागा काढण्यामागे एक कारण आहे. आमच्या घरी गाणं म्हणजे सिनेमाचं, नाहीतर भावगीत, नाहीतर अभंग. चौथा प्रकार नव्हताच. मग केबल आलं, १९९४ मध्ये चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया सुरू झालं, आणि हिरो-हिरॉईन नसलेली गाणी घरात शिरली. गाणारा माणूस स्वतःच पडद्यावर दिसायचा. कोणती गाणी 'टॉप'ला आहेत हे आपण काउंटडाउनच्या कार्यक्रमांवरून ठरवायचो. दर आठवड्याला विक्री मोजून छापलेली सगळ्यांना मान्य अशी यादी आपल्याकडे नव्हती. म्हणूनच प्रत्येकाची यादी वेगळी असणार, आणि ती मला वाचायची आहे.

माझं गाणं लकी अलीचं 'ओ सनम'. 'सुनो' हा अल्बम १९९६ चा. मी दहावीला होते. व्हिडिओत इजिप्तचं वाळवंट होतं, पण मला ओढ लावली ती आवाजाने. तोवर गाणारा माणूस म्हणजे कसलेला, घासलेला आवाज अशी माझी समजूत होती. हा माणूस बोलल्यासारखा गात होता, थोडा थकलेला, श्वास ऐकू येणारा. वडील म्हणाले, "मेहमूदचा मुलगा ना हा? रियाज नाही केलेला." मला पहिल्यांदा वाटलं की बाबांचं आणि माझं मत वेगळं असू शकतं, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. आजही ते माझं एक नंबरचं गाणं आहे. तुमचं?

कराड, कॅसेटचं दुकान होतं

ताई, तुम्ही यादी नव्हती म्हणालात. माझ्याकडे होती. माझं दुकान एसटी स्टँडच्या रस्त्याला. विकत घेण्याच्या कॅसेट ठेवायचोच, पण खरी गर्दी 'भरून' घेणाऱ्यांची. पोरं कागदावर गाणी लिहून आणायची, कोरी साठची नाहीतर नव्वदची कॅसेट द्यायची, मी डबल डेकवर भरून द्यायचो. ते काम कायद्यात बसत नव्हतं. कंपन्यांचं आणि गाणाऱ्यांचं त्यात नुकसान झालं, हे मी मान्य करतो.

साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. त्यात सहा गाणी बसतात, सातवं मधेच तुटतं. म्हणून मी गिऱ्हाईकाला सांगायचो, शेवटचं गाणं छोटं निवड. कोणी किती गाणी, कोणती गाणी, हे सगळं वहीत लिहायचो, कारण चूक झाली की कॅसेट परत पुसून भरावी लागायची. त्या वह्या अजून आहेत. १९९५-९६ ची वही उघडली की पानोपानी एकच नाव येतं, दलेर मेहंदी. शहरातली माणसं काय ऐकत होती मला माहीत नाही. आमच्याकडे ओगलेवाडीपासून पाटणपर्यंतची पोरं तेच मागायची.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला सुनीता रावचं 'परी हूँ मैं' आवडायचं. ते या सगळ्यांच्या आधीचं. त्याचे शब्द एका पोरीच्या स्वप्नाबद्दल आहेत. माझ्या मोठ्या मुलीचा जन्म त्या सुमाराचा, म्हणून असेल.

दादर, मुंबई

'मेड इन इंडिया'. १९९५. अलिशा चिनॉय.

आमच्या चाळीत या गाण्याचा व्हिडिओ लागला की तीन घरांचे आवाज एकदम मोठे व्हायचे, कारण मिलिंद सोमण आमचा. शिवाजी पार्कात वाढलेला, राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू. देशोदेशीचे उमेदवार राजकन्येपुढे येतात, ती सगळ्यांना नाकारते आणि शेवटी हा लाकडी खोक्यातून बाहेर येतो. माझी मावशी म्हणायची, "हा पोहायला जायचा तेव्हा रस्त्यात दिसायचा गं."

गाण्याबद्दलचं मत मात्र व्हिडिओ बाजूला ठेवून सांगते. संगीत बिद्दूचं. हाच माणूस १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग'चा निर्माता होता, आणि १९८० मध्ये नाझिया हसनला घेऊन 'आप जैसा कोई' त्यानेच केलं. त्याला माहीत होतं की ओळ एकदा कानात शिरली पाहिजे आणि दुसऱ्यांदा तोंडात आली पाहिजे. अलिशाच्या आवाजात जो हट्ट आहे, मला हवं ते मीच निवडणार हा, तो मला तेव्हा फार हवा होता. मला त्याच वर्षी दाखवायला सुरुवात केली होती. कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर जाताना मी हे गाणं मनात म्हणायचे. चार नकार मी दिले. पाचव्याला होकार दिला, तोही मीच.

नाशिक

मॅकरेना! १९९६ चं गॅदरिंग. शब्द स्पॅनिश, अर्थ वर्गात कोणालाच माहीत नाही, बाईंनाही नाही, आणि तरी चाळीस मुलींचे हात एकाच वेळी खांद्यावर, डोक्यावर, कमरेवर. अमेरिकेच्या बिलबोर्ड या गाण्यांच्या यादीत ते १४ आठवडे पहिलं होतं हे नंतर वाचलं. गाणं म्हणून ऐकायला बसले तर मला ते सपाट वाटतं. नाचायला लागले तर आजही एकही स्टेप चुकत नाही.

सातारा जिल्हा, ब्रास बँड

कराडच्या दादांचं बरोबर आहे. आमच्या घरात तीन पिढ्या बँड. मी ट्रम्पेट वाजवतो, चुलते क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत रात्री आठला वरात निघाली की अकरापर्यंत फुंकायचं. सिनेमाची कितीतरी गाणी ऐकायला गोड, पण सूर एकदम वर जातात आणि दम खातात. तीन तास चालत चालत वाजवणाऱ्याचे ओठ सुजतात. दलेर मेहंदींचं 'बोलो तारा रा रा' आमच्यासाठी वरदान होतं. चार-पाच सुरांत फिरतं, मधे श्वास घ्यायला जागा आहे, आणि धून सुरू झाली की लोक स्वतःच 'तारा रा रा' म्हणतात, तेवढ्यात ट्रम्पेट खाली करता येतो. साईड ड्रमवाल्याला तर भांगड्याचा ठेका नवीनच मिळाला. चुलत्यांनी तो पंधरा दिवस कॅसेट लावून बसवला, आमच्या लेझीमच्या चालीत थोडा वळवून.

नंतर १९९८ ला त्यांचं 'तुनक तुनक तुन' आलं, ज्यात चार दलेर मेहंदी एकत्र नाचतात. सुंदर मुली दाखवता म्हणून तुमची गाणी चालतात, अशी टीका झाली, म्हणून सगळीकडे स्वतःच उभे राहिले म्हणतात. माझ्या मनात त्या माणसाबद्दल मोठा आदर आहे. त्यांच्या गाण्यावर आमच्या घरातली दोन लग्नं आणि एक घराचा स्लॅब झाला.

बेळगाव

मी कलोनियल कझिन्सबद्दल लिहिणार आहे. हरिहरन आणि लेस्ली लुईस, १९९६. गाणं 'कृष्णा'.

आमच्या आजीचं माहेर धारवाडचं. लग्न होऊन मराठी घरात आली आणि कन्नड हळूहळू तिच्या तोंडून गेलं. स्वयंपाकघरात एखादा शब्द, देवापुढे एखादी ओळ, बस. मी कॉलेजात होतो. टीव्हीवर हे गाणं लागलं, गिटारवर. हरिहरनने 'कृष्णा नी बेगने बारो' हे कन्नड पद म्हटलं आणि आजी भाजी निवडता निवडता थांबली. मेथीची जुडी मांडीवर तशीच. मधे इंग्रजी ओळी आल्या, जगाला वाचवायला परत ये अशा अर्थाच्या. त्या तिला कळल्या नाहीत. पण गाणं संपलं तेव्हा ती थांबली नाही. काशीच्या पीतांबराचं कडवं तिने पुढे गायलं, मग उडुपीच्या कृष्णाचं. व्यासतीर्थांची ही रचना तिच्या आईने तिला यमुनाकल्याणी रागात शिकवली होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तोवर आमच्यापैकी कोणी तिला कधी कन्नडमध्ये गाताना ऐकलं नव्हतं.

काही जाणकारांना हे मिश्रण रुचलं नाही. देवाच्या पदात गिटार कशाला, असं माझे काकाही म्हणाले. माझं मत ठाम आहे. ते गाणं टीव्हीवर आलं नसतं तर आजीच्या गळ्यातलं पद तिच्याबरोबरच गेलं असतं. मी दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट घेऊन तिच्यापुढे बसलो. एकूण अकरा पदं मिळाली.

डोंबिवली

फाल्गुनी पाठकचं 'याद पिया की आने लगी', १९९८. लोक त्या व्हिडिओंतल्या गोड प्रेमकथांबद्दल बोलतात. मला आठवते ती पॅन्ट-शर्ट घातलेली, आखूड केसांची, माईक हातात घेऊन उभी असलेली बाई. मी तेव्हा चौदा वर्षांची. घरी रोज बोलणी खायचे, मुलीसारखी राहा, केस वाढव, ओढणी घे. आणि नवरात्रात हजारो माणसं त्या बाईच्या आवाजावर फेर धरायची, तिच्या कपड्यांवरून कोणाचं काही अडत नव्हतं. मी आईला एवढंच म्हटलं, "ती बघ." आई काही बोलली नाही. दिवाळीला मला शर्टचं कापड घेतलं, निळ्या रेघांचं.

औरंगाबाद

मला राग आलेलं गाणं लिहितो. बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी', १९९२. शाळेत मला ते तोंडपाठ होतं. हिंदीत असं भराभर बोलून गाणं होऊ शकतं याचंच नवल. पुढे इंजिनिअरिंगला एका मित्राने व्हॅनिला आइसचं 'आइस आइस बेबी' ऐकवलं आणि फसवणूक झाल्यासारखं वाटलं. मग त्यानेच क्वीन आणि डेव्हिड बोवीचं १९८१ चं 'अंडर प्रेशर' लावलं. बेसची तीच धून! म्हणजे उचललेल्यावरून उचललेलं. माझा राग अजून गेलेला नाही. कोणाची धून घेतली तर नाव घ्यावं, एवढी अपेक्षा चूक नाही.

वाई, गाडी चालवायचो

'गारवा' इथे चालेल का? १९९८. संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे, कविता सौमित्रच्या. पॉप म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सिनेमातलं नाही हे नक्की.

माझी सुमो होती, पुणे-महाबळेश्वर. जून ते ऑगस्ट कॅसेट बदलायची गरजच नसायची. या कॅसेटची गंमत अशी की गाण्याच्या आधी सौमित्र स्वतः कविता बोलतो. हिंदी गाणी लागली की मागच्या सीटवर गप्पा चालू राहायच्या. पसरणी घाटात धुकं, काचेवर पाणी, आणि हा माणूस बोलायला लागला की अख्खी गाडी गप्प. एकदा एक आजोबा म्हणाले, "वर पोचेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून लाव." त्यांनी भाड्याशिवाय पन्नास रुपये हातात ठेवले. मी ती नोट बरेच दिवस मोडली नाही.

धागा सुरू करणारी, पुणे

वाईचे दादा, चालेल काय, हवंच! मराठीत नव्वदच्या दशकात पॉप झालं का असं कोणी विचारलं तर मी 'गारवा'चंच नाव घेईन. भावगीताचे शब्द आणि गिटार-कीबोर्डचा साज. आमच्या वर्गातल्या मुलींनी मराठी कॅसेट स्वतःच्या पैशाने घेतली ती पहिल्यांदा हीच.

पणजी

रेमो फर्नांडिसला विसरू नका. 'हम्मा हम्मा' सिनेमातलं म्हणून बाद, पण हा माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःची गाणी स्वतः लिहून, गाऊन कॅसेट काढत होता. इंडीपॉप हा शब्द आम्ही नंतर ऐकला. गोव्यात ती गोष्ट आधीच होती.

मिरज, वैद्यकीय महाविद्यालयाचं होस्टेल

केकेचं 'पल', १९९९. शब्द मेहबूबचे, चाल लेस्ली लुईसची. आमच्या बॅचचा निरोप समारंभ. ज्याने गिटार वाजवली त्याला तीनच कॉर्ड यायच्या, आणि तेवढ्या पुरल्या. हे गाणं निरोपालाच का वाजतं, यावर मी विचार केला आहे. केके रडत नाही. आवाज सरळ ठेवतो, म्हणून ऐकणाऱ्याला रडायला जागा मिळते.

३१ मे २०२२ ला कोलकात्यात कॉलेजच्या कार्यक्रमात गाऊन तो गेला. मी रात्रपाळीला आयसीयूत होतो. पहाटे बॅचच्या ग्रुपवर एकामागून एक संदेश आले, कोणीच काही लिहिलं नव्हतं, फक्त ते गाणं पाठवलं होतं. वीस वर्षांत ज्याच्याशी बोलणं नव्हतं त्या गिटारवाल्याचाही त्यात एक होता. ड्यूटी संपल्यावर मी त्याला फोन केला.

कराड, कॅसेटचं दुकान होतं

सगळं वाचलं. वाईच्या गाडीवाल्यांचं वाचून १९९८ ची वही काढली. जुलैची पानं ओल लागून चिकटली आहेत, पण वाचता येतात. कराडचीच गिऱ्हाईकं, पण पावसाच्या त्या महिन्यात दलेर मेहंदी नऊ वेळा आणि 'गारवा' सतरा वेळा. समोर कंसात एका ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'दोन्ही बाजूंना तेच हवे'.

त्याखाली एका पोराची यादी आहे. पहिल्या बाजूला पाच गाणी लकी अलीची, सहावं सिल्क रूट बँडचं 'डूबा डूबा'. दुसरी बाजू कोरी ठेवायला सांगितली होती. का, ते विचारायचं राहिलं.